साहेब, हजेरीची वही एकदा स्वतः हातात घ्या

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी यांस,

जय हिंद साहेब.

मी कोल्हापूर जिल्हा पोलीस दलात ३४ वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली सात वर्षं दोन वेगवेगळ्या ठाण्यांत हजेरी मास्तर होतो. नोकरीत असताना असं पत्र लिहिता येत नव्हतं. पोलिसाला सरकारच्या परवानगीशिवाय संघटना करायला १९६६ च्या कायद्याने बंदी आहे. १९८२ साली मुंबईत पोलिसांनी आंदोलन केलं, तेव्हा संघटनेची मान्यता गेली आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यामुळे खालच्या माणसाला तोंड उघडायला जागा उरते ती वरिष्ठांच्या दरबारात. तिथे काय होतं ते तुम्ही जाणता. पुढच्या रांगेतला एक जण उठतो, क्वार्टरच्या गळक्या छपराबद्दल बोलतो, साहेब ‘बघतो’ म्हणतात, टाळ्या पडतात. खरं बोलणं नंतर बाहेर गाडीला किक मारताना होतं. ते बाहेरचं बोलणं मी इथे लिहितो आहे. गणपती तोंडावर आले आहेत, बंदोबस्ताचे तक्ते तयार होत असतील, म्हणून आत्ताच लिहितो.

मला बोलायचं आहे एका वहीबद्दल. हजेरीच्या.

ज्यांनी ठाणं आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी आठच्या सुमाराला ठाण्याच्या आवारात माणसं रांगेत उभी राहतात. हजेरी मास्तर वही घेऊन समोर येतो. बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, पुकारला की ‘हजर’. मग ड्युटी वाटप. तू कोर्ट, तू कैदी पार्टी, तू समन्स-वॉरंट, तू लॉकअप गार्ड, तू सीपीआर रुग्णालयात मयताबरोबर, तू रात्री नाकाबंदी. पंधरा मिनिटांत सगळं संपतं. पण त्या पंधरा मिनिटांत चाळीस-पन्नास घरांचा दिवस ठरतो. कोणाच्या आईला दवाखान्यात कोण नेणार, कोणाच्या पोराला शाळेतून कोण आणणार, आज रात्री कोण आपल्या अंथरुणावर झोपणार.

हे सगळं ठरवतो एक हवालदार किंवा सहायक फौजदार. साहेब आत असतात. वही सहीला येते तेव्हा तिच्यात मागच्या महिन्यात काय झालं ते कोणी बघत नाही. मी सात वर्षं वह्या सहीला नेल्या. त्या काळात माझ्यावर आठ प्रभारी अधिकारी आले. पान उलटून मागचं पान बघणारे दोन.

ड्युट्या गोड असतात आणि कडू असतात, हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे. बीट, म्हणजे हद्दीतला नेमून दिलेला भाग सांभाळणं, गोड, पासपोर्टच्या चौकशा गोड, साहेबांच्या केबिनबाहेरची खुर्ची गोड. मयताच्या पोस्टमॉर्टेमला शवागाराच्या दारात ताटकळणं कडू. रात्रीचं लॉकअप कडू, कारण आत कोणी काही करून घेतलं तर पहिला निलंबित होणार तो बाहेर उभा असलेला. ज्याला वजन आहे त्याचा फोन येतो. कधी पुढाऱ्याचा, कधी मुख्यालयातल्या एखाद्या कारकुनाचा, कधी साहेबांच्याच ड्रायव्हरचा. फोन आला की त्याचं नाव कडू ड्युटीतून निघतं, आणि ती जागा रिकामी ठेवता येत नाही. ज्याचा फोन येत नाही त्याचं नाव तिथे बसतं. मी हे केलं आहे. पैसे घेतले नाहीत, पण फोन ऐकले.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्याचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे पन्हाळ्याच्या बाजूच्या गावचा एक शिपाई होता, अठ्ठावीस वर्षांचा. घरात चार महिन्यांचं बाळ. रविवारी रात्री तो नाकाबंदीला होता. सोमवारी सकाळी आरोपी घेऊन कोर्टात, संध्याकाळी सहाला सुटला. सोमवारी रात्री लॉकअप गार्डचा माणूस लग्नाला गेला, त्या जागी तो. मंगळवारी दुपारी एका मंत्र्यांचा दौरा, उजळाईवाडीला विमानतळावर बंदोबस्त. मंगळवारी रात्री गस्तीला ज्याचं नाव होतं त्याच्यासाठी फोन आला. मी वही उघडली, वरून खाली बोट फिरवलं आणि याच्या नंबरावर थांबलो. तो कधी नाही म्हणत नसे.

त्याने फक्त एवढंच विचारलं, “मास्तर, परत मीच काय?” मी म्हणालो, “आजच्या दिवस काढ.”

बुधवारी पहाटे तो घरी निघाला. ऊसतोडीचे दिवस. रत्नागिरी रोडला केर्लीच्या अलीकडे उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती, मागे लाल दिवा नाही, साधं रिफ्लेक्टरही नाही. हा मागून जाऊन तिच्यावर आदळला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

साहेबांना फोन केला. साहेबांचा पहिला प्रश्न होता, “आजचा त्याचा पॉइंट कोण भरणार?” आणि पुढच्या आठवड्यात तो पाय वर टांगून पडलेला असताना त्याला कारणे दाखवा नोटीस गेली. हेल्मेट का नव्हतं, आणि परवानगी न घेता मुख्यालय सोडून गावी मुक्कामाला का गेलास? नोटीस नेऊन दिली ती मीच. त्याच्या बायकोने ती वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तीन रात्री घरला आलं न्हाईत, त्येचा कागद कुठं हाय?”

तो कागद माझ्या टेबलावर होता, साहेब. तीन रात्री ओळीने, माझ्याच अक्षरात. कोणी मागितला नाही आणि मी दाखवला नाही.

माझी चूक मी टाळत नाही. पण त्या वहीवर तीन दिवस साहेबांची सही होती. सही करणाऱ्याने मागचं एक पान उलटलं असतं तर ती तिसरी रात्र टळली असती. अधिकाऱ्याचं देखरेख करणं मी याला म्हणतो. गुन्हा घडल्यावर चौकशी लावणं, कसुरी अहवाल पाठवणं, वेतनवाढ रोखणं हे सगळं नंतरचं आहे. खात्यात नंतरचं सगळं नियमाने होतं. आधीचं बघायला मात्र कोणी रिकामा नसतो.

त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली दुसऱ्या ठाण्यात झाली. तिथे प्रभारी म्हणून एक मॅडम आल्या, सहायक पोलीस निरीक्षक. पहिल्या दिवशी हजेरीला स्वतः येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं नव्याचे नऊ दिवस. पण त्या रोज येत. बक्कल नंबर मी पुकारायचो, त्या आडनावासकट नाव विचारायच्या. महिनाभरात सगळी नावं पाठ. रांगेतून चालताना बुटांकडे कमी बघत, डोळ्यांकडे जास्त. एकदा एकाच्या डोळ्यांकडे बघून त्यांनी त्याला रांगेतून बाहेर घेतलं, आत नेलं, त्याचं पिस्तूल जमा करून घेतलं आणि मग चहा मागवला. घरात भावाभावांत जमिनीवरून टोकाला गेलेलं होतं, आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. चार दिवस रजा दिली, परत आल्यावर महिनाभर बिनतारीवर बसवला. वहीत एवढीच नोंद झाली, ‘वायरलेस ड्युटी’.

आणि त्यांनी एक फळा आणवला. शाळेत असतो तसा काळा फळा, मुद्देमाल खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर. उभ्या बाजूला नावं, आडव्या बाजूला महिन्याच्या तारखा. रात्रपाळी असेल तिथे पांढरी फुली. सलग दुसरी रात्र असेल तर लाल खडू. तिसरी लावायची असेल तर मला आधी मॅडमना तोंडी विचारावं लागे आणि त्या विचारत, “बाकीच्यांच्या ओळी पांढऱ्या का?” पंधरा दिवसांत माझ्याकडे येणारे फोन थांबले. फोन करणाऱ्याला मी सांगायचो, फळ्यावर दिसेल हो. भिंतीवर सगळ्यांसमोर लिहिलेलं बदलणं अवघड असतं. वही दप्तरात बंद असते, म्हणून तिच्यात काहीही खपतं.

त्या मऊ होत्या असं समजू नका. रात्री दोन-अडीचला न सांगता ठाण्यात यायच्या. आधी लॉकअपकडे. आत किती, स्टेशन डायरीत किती, जुळतं का. कुलूप हाताने ओढून बघायच्या. आतल्या माणसाला स्वतः विचारायच्या, जेवलास का, कोणी हात लावला का. एका रात्री तपासाच्या नावाखाली बोलावलेला एक जण पंचनामे लिहायच्या खोलीत बसवलेला सापडला, डायरीत नोंद नाही. पहाट व्हायच्या आत नोंद झाली, त्याच्या घरी फोन गेला आणि संबंधित हवालदाराचा अहवाल वर गेला. त्या हवालदाराला लाल खडूचा सगळ्यात जास्त फायदा झालेला होता, तरी गेला.

हे का सांगतो? शेजारच्या सांगलीत २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये काय झालं ते या परिक्षेत्रातला एकही पोलीस विसरलेला नाही. एका तरुणाचा कोठडीत मारहाणीत मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. ज्या रात्री ते घडलं त्या रात्री ठाण्यात माणसं होती, हजेरी झाली होती, ड्युट्या वाटल्या होत्या. कोठडीतल्या माणसाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात नियम घालून दिले ते १९९६ साली. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा असा आदेश दिला २०२० च्या डिसेंबरमध्ये. दोन्ही कागद प्रत्येक ठाण्यात आहेत. रात्री अडीचला येऊन कुलूप ओढून बघणारा अधिकारी आहे का, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे.

आणखी एक नाव घेतो, कारण ते आपल्या मातीतलं आहे. अश्विनी बिद्रे, हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याची लेक, सहायक पोलीस निरीक्षक. २०१६ च्या एप्रिलमध्ये बेपत्ता झाल्या. घरचे लोक खात्याच्या एकेका दारात गेले. ज्या वरिष्ठ निरीक्षकावर त्यांचा संशय होता त्याला २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपती पदक जाहीर झालं, अटक झाली त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, आणि त्यांच्या खुनाबद्दल जन्मठेप २०२५ च्या एप्रिलमध्ये. नऊ वर्षं. खात्यातल्या बाईबद्दलच्या तक्रारीला, तीही खात्यातल्याच माणसाविरुद्ध, वरच्या खुर्चीत बसलेल्यांनी किती वेळ घ्यावा? तुमच्या ठाण्यातली एखादी महिला अंमलदार अमुक अधिकाऱ्याबरोबर ड्युटी नको म्हणाली, तर तिला कामचुकार ठरवण्याआधी दार बंद न करता, दुसऱ्या महिला अंमलदाराला बसवून, पाच मिनिटं ऐका. ती कारण सांगेलच असं नाही. मागणीच पुरेशी धरा आणि वहीत बदल करा.

कोल्हापुरात हजेरी या शब्दाला जुना इतिहास आहे. संस्थानी काळात मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या माणसांना जन्माने गुन्हेगार धरून हजेरी द्यायला लावत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ती बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी जवळ केलं, काम दिलं, पहाऱ्यावर नेमलं. आमच्या खात्यात मात्र माणूस दांडी मारणारच हे धरून हजेरी घेतली जाते, तो दमलेला असेल हे धरून नाही. मला हे फार लागतं.

आता तोंडी हुकमाबद्दल. शाहू स्टेडियमवर दोन मोठ्या तालमींचा फुटबॉल सामना असला की आमचा बंदोबस्त असतोच. गोल झाला की गॅलरीतून बाटल्या येतात. अशा वेळी काठी उचलायची की नाही हे शिपायाने ठरवायचं नसतं. पण साहेब लांब गाडीत असतात, वॉकीटॉकीवर “बघा काय ते, आवरा” एवढं येतं. ‘आवरा’ म्हणजे काय? काठी चालली आणि कोणाचं डोकं फुटलं की चौकशीत तो शब्द कोणाच्याच आठवणीत नसतो. ७ जून २०२३ ला छत्रपती शिवाजी महाराज चौकात हजारोंचा जमाव होता, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद झालं. त्या दिवशी कोण बरोबर होतं कोण चूक, हा या पत्राचा विषय नाही. पण तशा दिवशी पुढच्या फळीतल्या पोराला दोनच गोष्टी हव्या असतात. हुकूम स्पष्ट शब्दांत, आणि हुकूम देणारा दहा पावलांवर दिसणारा. नंतर ठाण्यात आलात की तो हुकूम तुमच्या नावाने, वेळेसकट, स्टेशन डायरीत घाला. एवढ्यावर तो पोरगा आयुष्यभर तुमचं नाव काढेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच उलट बाजूने पाहिलं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर. हायवे बंद. चिखली-आंबेवाडीच्या बाजूला बोटीतून माणसं काढायची होती. आमच्यातल्या काहींच्या स्वतःच्या घरात पाणी होतं. आमचे एक अधिकारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पहिल्या बोटीत बसले. त्या आठवड्यात कोणी रजा मागितली नाही, कोणी आजारी पडलं नाही. फोनही आले नाहीत.

विसर्जनाचं सांगतो आणि आवरतो. मिरजकर तिकटीपासून बिनखांबी, महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश, आणि पुढे घाट किंवा इराणी खण, हा मार्ग तुमच्यापेक्षा तुमच्या माणसांच्या पायांना जास्त माहीत आहे. मिरवणूक सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही संपत नाही. साउंडच्या भिंतीसमोर कानात कापूस कोंबून माणूस उभा असतो. जेवणाचं पाकीट येतं पण ते खायला पॉइंट सोडता येत नाही, आणि महिला अंमलदार तर पाणीच पीत नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठे? शिवाजी पेठेतल्या आणि मंगळवार पेठेतल्या आयाबाया वर्षानुवर्षं त्यांना स्वतःच्या घरात बोलावून घेतात. तेवढ्यावर खात्याचा बंदोबस्त चालतो. तक्ता करताना प्रत्येक चार पॉइंटमागे एक बदली माणूस ठेवा. प्रत्येक महिला पॉइंटजवळचं एक घर, एक शाळा किंवा एक तालीम आधीच ठरवून तिचं नाव तक्त्यात छापा. आणि रात्री एकनंतर एकदा तो सगळा मार्ग पायी चाला. गाडीतून नको. गाडी दिसली की सगळे ताठ उभे राहतात, तुम्हाला कळत काहीच नाही.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला पाठ आहे. माणसं कमीच आहेत, आणि ती वाढवणं तुमच्या हातात नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ पोलिसाला सदैव कर्तव्यावर असल्याचं समजतं, तेही तुम्ही बदलू शकत नाही. पण आहेत ती माणसं कशी वाटायची हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांची पाळी सुरू करून बघितली गेली, ती कल्पना एका शिपायाचीच होती, आयुक्तांनी ऐकून घेतली म्हणून पुढे गेली. तुमची नेमणूक साधारण दोन वर्षांची आहे, २००६ च्या प्रकाश सिंह निकालाचा आग्रह त्यासाठीच होता. दोन वर्षांत पन्नास नावं पाठ होतात.

माझं मागणं असं. या महिन्यापासून हजेरीला स्वतः उभे राहा, रोज जमलं नाही तर आठवड्यातून चार दिवस. वहीवर सही करण्याआधी मागची पंधरा दिवसांची पानं उलटा. रात्रपाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावा, फळा नसेल तर कागदावर. आणि तुमच्या हजेरी मास्तरला एकदा बाजूला घेऊन विचारा, काल कोणाचे फोन आले होते. पहिल्यांदा तो सांगणार नाही. तिसऱ्यांदा सांगेल.

तो पन्हाळ्याकडचा गडी अजून नोकरीत आहे, आता हवालदार झाला. मी निवृत्त होताना त्याच्या घरी जाऊन त्या तिसऱ्या रात्रीबद्दल त्याची माफी मागितली. त्याने बाळाला, म्हणजे आता शाळेत जाणाऱ्या मुलीला, माझ्या पाया पडायला लावलं, तेव्हा मला मान वर करता आली नाही. तुमच्यापैकीच एकाच्या ठाण्यात त्याची हजेरी लागते. उजव्या पायाने किंचित लंगडतो, थंडीत जास्त. स्वतः होऊन सांगणार नाही. विसर्जनाच्या तक्त्यात त्याला उभ्या पॉइंटवर टाकू नका, बिनतारीवर बसवा.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार
कोल्हापूर